दिंडोशी : उताराची मालकी

मुंबईकर दिंडोशी हे नाव रोज कुठे ना कुठे वाचतो. सत्र न्यायालयाच्या बातमीत, बेस्टच्या पाटीवर, मेट्रोच्या घोषणेत, निवडणुकीच्या निकालात. नाव इतके परिचित असूनही गाव मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. इथला रहिवासीसुद्धा पत्ता लिहिताना कधी मालाड लिहितो, कधी गोरेगाव. महसूल खात्याचे तसे नाही. त्याच्या दप्तरात मौजे दिंडोशी, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर ही नोंद आजही कायम आहे. शेजारी मौजे कुरार, मौजे मालाड, मौजे पहाडी गोरेगाव, मौजे आरे. पुढील पाने या मौज्याविषयी आहेत, आणि उपनगरातल्या एका मौज्याचा भूगोल व इतिहास इतक्या आस्थेने लिहिण्याचे कारण काय, हे सांगणे मी या प्रस्तावनेचे काम समजतो.

सुरुवात जमिनीपासून करू. मालाड किंवा गोरेगाव स्थानकातून पूर्वेला निघालो आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला, की रस्ता चढू लागतो. रिक्षाचा आवाज बदलतो, गल्ल्यांना पायऱ्या लागतात, इमारतींचे तळमजले एका बाजूने जमिनीत आणि दुसऱ्या बाजूने हवेत दिसू लागतात. हा चढ थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगेत मिसळतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले, त्याच घडामोडींच्या अखेरच्या काळातले खडक इथे, साष्टी बेटावर, उघडे पडलेले आहेत. ते एकाच जातीचे नाहीत. काळ्या बेसॉल्टबरोबर फिकट पिवळसर ट्रॅकाइटही इथे सापडतो, आणि तोच 'मालाडचा दगड' म्हणून बांधकामात प्रसिद्ध झाला. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडात उभे आहे. दक्षिण मुंबईतल्या देखण्या इमारतींकडे पाहताना त्यांचा काही भाग उपनगरातल्या टेकड्या फोडून तिकडे गेलेला आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

या रांगेतले सर्वात उंच शिखर, जांभूळमाळ, ४६८ मीटर उंच आहे. फार मोठी उंची नव्हे, पण समुद्रावरून येणाऱ्या ढगांना अडवायला पुरेशी आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. या पावसानेच इथल्या वस्तीचा नकाशा आखला. रांगेच्या पोटातल्या दऱ्यांमध्ये शहराने विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले. पश्चिम उतारावरचे पाणी ओढ्यांतून खाडीकडे गेले. आरेत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगाव ओलांडून मालाडच्या खाडीला मिळते, आणि उत्तरेकडे पोयसर नदीही उद्यानातूनच उतरते. खाली सपाटीला भाताची खाचरे, वर वरकस जमीन आणि गवत, त्याहून वर जंगल, अशी साष्टीतल्या डोंगरपायथ्याच्या गावांची जुनी मांडणी होती. आज खाचरांच्या जागी महामार्ग आणि बाजार आहेत, वरकस जमिनीवर वसाहती आणि झोपड्या आहेत. जंगल अजून आहे, आणि बिबट्या अजून उतरतो. फिल्मसिटी रस्त्यावरच्या वाघेश्वरीच्या देवळासमोरून जाणाऱ्याला ही देवी इथे कशी, असे विचारावे लागत नाही.

आता तुलनेसाठी एका जर्मन गावाकडे वळतो. १९६८ साली मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरे झाली. मोटारींचे शहर म्हणून स्टुटगार्ट आपल्याला ठाऊक आहे, पण त्याच्या हद्दीतच चारशेहून अधिक हेक्टरांवर द्राक्षमळे आहेत, हे सहसा माहीत नसते. त्या हद्दीत पूर्वेच्या बाजूला उलबाख नावाचे लहानसे गाव आहे. नेकर नदीच्या खोऱ्यातून आत वळलेल्या दरीच्या टोकाशी ते वसले आहे, आणि त्याच्या तीन बाजूंना द्राक्षांनी झाकलेले उतार आहेत. १९३७ साली ते स्टुटगार्ट शहरात सामील करण्यात आले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९५७ साली, बृहन्मुंबईची हद्द दुसऱ्यांदा वाढली, ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली आणि दिंडोशी मुंबईत आली. दोन्ही गावे डोंगरपायथ्याची, दोन्ही कारखानदारीने वाढलेल्या शहरांनी पोटात घेतलेली, आणि ती शहरे एकमेकांची भगिनी. तरीही उलबाखचा उतार आज द्राक्षांचा आहे आणि दिंडोशीचा उतार घरांचा. असे का झाले, हा प्रश्न मला दिंडोशीचा इतिहास वाचण्यासाठी फार उपयोगी वाटतो.

हवामान हे पहिले उत्तर, आणि ते अपुरे आहे. स्टुटगार्टला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. दक्षिणेला तोंड केलेल्या उतारावर ऊन तिरपे न पडता सरळ पडते, आणि थंड प्रदेशात द्राक्ष पिकायला तेवढे ऊन लागतेच. आपल्याकडे द्राक्षाला घाट ओलांडून नाशिकच्या कोरड्या हवेत जावे लागते. दिंडोशीच्या उतारावर द्राक्ष होणार नव्हते, हे उघड आहे. पण साष्टीला स्वतःचे पेय होते. ताड आणि माड यांच्या रांगांतून भंडारी मंडळी रोज रस उतरवत, आणि पोर्तुगीजांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येक सरकारने त्या झाडांवर कर बसवला. १८७८ च्या अबकारी कायद्याने हा व्यवसाय परवान्यांत आणि मक्त्यांत बांधला, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो आणखी आवळला. वेलीवर कर भरणारा जर्मन शेतकरी वेलीचा मालक होता. ताडावर चढणाऱ्याची मात्र अनेकदा ना जमीन स्वतःची होती, ना परवान्याच्या अटी त्याच्या हातात होत्या. माझ्या मते फरक इथून सुरू होतो, पावसापासून नव्हे.

उलबाख ज्या व्युर्टेम्बर्ग प्रदेशात आहे, तिथे बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची रीत होती. पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन एकेका कुटुंबाकडे द्राक्षाच्या काही ओळीच उरल्या. याची किंमत मोठी होती. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि त्या भुकेत व्युर्टेम्बर्गमधून हजारो लोक अमेरिकेला आणि रशियाकडे निघून गेले. तिथली राणी काथारिना हिने तेव्हा मदतकार्य उभारले आणि १८१८ साली गोरगरिबांसाठी बचत बँक सुरू केली. उलबाखशेजारच्या टेकडीवर तिची समाधी आहे. म्हणजे तुकड्यांची शेती ही सुखाची गोष्ट नव्हती. पण १९०४ साली डाइमलरचा मोटार कारखाना खाली नेकरकाठी उंटरट्युर्कहाइमला आला, तेव्हा या भागातल्या माणसाला कारखान्यात जाण्यासाठी जमीन सोडावी लागली नाही. दिवसा यंत्रावर, संध्याकाळी वेलीत, असे जगणे तिथे शक्य झाले. छोट्या मालकांनी सहकारी संस्था काढून द्राक्षे एकत्र गाळली, एकत्र विकली. उलबाख आणि रोटेनबर्ग या शेजारी गावांच्या संस्था २००७ साली एक झाल्या. गावातल्या जुन्या सामूहिक रसगाळणीच्या इमारतीत आज द्राक्षशेतीचे संग्रहालय आहे. शहर आले तेव्हा उताराला शेकडो मालक होते आणि ते उतारावरच राहत होते, त्यामुळे तो उतार टिकला.

दिंडोशीच्या बाजूने पाहिले तर साष्टीच्या डोंगरपायथ्याची जमीन देणारा आणि घेणारा, दोघेही बहुधा तिथले रहिवासी नव्हते. इथून पायी जाता येईल इतक्या अंतरावरच्या कान्हेरी लेण्यांत एका शिलालेखात मंगलठाण गावातले शेत भिक्षुसंघाला दान दिल्याची नोंद आहे. अभ्यासक ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात. जमीन हस्तांतराची इतकी जुनी नोंद उपनगराच्या या पट्ट्यात असावी, याचे मला अप्रूप वाटते. मधली शतके, शिलाहार आणि बिंब राजांच्या कथा, वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर', हा सारा भाग वाचकाने स्वतंत्रपणे वाचावा. इथे मी पुढे जातो. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांना आणि धर्मसंस्थांना वार्षिक देण्यावर तोडून दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पण ही राजवट चार दशकेही टिकली नाही. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली.

यानंतरचा भाग दिंडोशीच्या नशिबाचा आहे, म्हणून सावकाश वाचावा. कंपनी सरकारला बेटावर वस्ती आणि लागवड वाढवायची होती. त्यासाठी साष्टीतली मोठी जमीन मुंबईच्या धनिकांना, विशेषतः पारशी व्यापाऱ्यांना, बहाल केली गेली. १८३० साली बैरामजी जीजीभॉय यांना मिळालेला विस्तीर्ण मुलूख हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे विसाव्या शतकात मालाड, दिंडोशी आणि कुरारच्या बाजूची मोठी मालमत्ता फ्रामरोज एदलजी दिनशॉ या नामवंत सॉलिसिटर आणि वित्ततज्ज्ञाकडे होती. ते १९३६ साली वारले. या व्यक्ती कर्तबगार होत्या, त्यांची दानधर्माची कामेही आहेत, आणि त्यांच्याविषयी आकसाने लिहिण्याचे कारण नाही. पण गावच्या गाव एका दस्तऐवजात मावू लागले की त्या गावात राहणारा माणूस कूळ होतो, आणि कुळाचे नाव दप्तरात कधी असते, कधी नसते. डोंगरातल्या वारली कुटुंबांचे नाव तर बहुधा नसेच. गवत कापणारे, लाकूड आणणारे, नाचणी पेरणारे हात त्याच उतारावर पिढ्यान्पिढ्या होते, पण कागद दुसऱ्याचा होता.

रेल्वेने याला वेग दिला. १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. १८९६ च्या प्लेगनंतर सधन कुटुंबांनी मोकळ्या हवेसाठी उपनगरांत बंगले बांधले, १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. हे सगळे स्थानकांच्या आसपास घडले, डोंगराकडची बाजू शांतच होती. स्वातंत्र्यानंतर मात्र एकामागून एक निर्णय या उतारावर येऊन पडले. १९४९ साली शेजारी आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. १९५१ च्या साष्टी मालमत्ताविषयक कायद्याने जुन्या जमीनदारांची सारामाफी संपवली आणि लागवडीखाली न आणलेली पडीक जमीन सरकारकडे घेतली. त्यावर न्यायालयात दीर्घ लढे झाले. १९५७ चा हद्दविस्तार, मग द्रुतगती महामार्ग, १९७५ चा खासगी वने संपादन कायदा, १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा, १९७७ ची चित्रनगरी, म्हणजे फिल्मसिटी. पुढे १९८७ साली रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे आवारही याच डोंगरउतारावर उभे राहिले. तीसेक वर्षांत एका मौज्याची जमीन शेत, वन, अतिरिक्त, राखीव, विकासयोग्य अशा इतक्या खान्यांत वाटली गेली, की एका वळणावरच्या दोन घरांचे कायदेशीर भवितव्य वेगवेगळे झाले. दिंडोशीत आज शेजारी शेजारी दिसणारे टॉवर, म्हाडाच्या इमारती, सहकारी वसाहती आणि झोपड्या यांचा अर्थ नुसत्या नकाशावरून लागत नाही, तो या कायद्यांच्या क्रमातून लागतो. या पुस्तकातला तो भाग कोरडा वाटला तरी सोडू नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

या इतिहासातली एक घटना मला सर्वाधिक मोलाची वाटते. कमाल जमीनधारणा कायद्याचा हेतू असा होता, की ठरावीक मर्यादेपलीकडची शहरी जमीन सरकारने घ्यावी आणि ती गरजू लोकांच्या घरांसाठी वापरली जावी. प्रत्यक्षात सवलतींच्या कलमांतून जमिनी सुटत राहिल्या. गोरेगावच्या समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे आणि प. बा. ऊर्फ बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद उभी केली आणि दिंडोशीच्या उतारावरची अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे सरकारशी आणि न्यायालयात झुंज दिली. मृणालताईंना महाराष्ट्र 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखतो. नळाच्या पाण्यासाठी मोर्चे काढणारी ही बाई घराच्या प्रश्नाला त्याच चिकाटीने भिडली, हे मात्र नव्या पिढीला फारसे माहीत नाही. त्या लढ्यातून सहा हजारांवर घरे झाली. कारकून, शिक्षक, कामगार, निवृत्त माणसे यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था करून ती घेतली. गिरणगाव विस्कटत असताना, १९८२ च्या संपानंतर मराठी कुटुंबांची शहरातली जागा आक्रसत असताना, हे घडले. व्युर्टेम्बर्गच्या छोट्या मालकांना वारशाने जे मिळाले, ते दिंडोशीत पहिल्यांदा या वसाहतीने सहकारातून मिळवले: उतारावर राहणाऱ्यांच्याच नावावर उताराचा कागद आला. 'नागरी निवारा' हे तीन-चार बसथांब्यांचे नाव आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो भाग आधी वाचावा.

त्याच उताराची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली गेली पाहिजे. १९९५ साली राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध जनहित याचिका झाली आणि १९९७ साली उच्च न्यायालयाने तिथली वस्ती हटवून पात्र कुटुंबांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. काही कुटुंबे चांदिवलीला गेली. अनेकांना घर मिळाले नाही आणि जंगलाच्या कडेला, कुरारच्या वरच्या अंगाला, वस्त्या राहिल्या. १ जुलै २०१९ च्या रात्री पाऊस कोसळत होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर नोंदला गेला. मालाड टेकडीवरच्या जलाशयाच्या संरक्षक भिंतीमागे डोंगराचे पाणी साचले, दाब वाढला आणि मध्यरात्रीनंतर भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगरच्या घरांवर आली. पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. उलबाखच्या उतारावर शेतकऱ्यांनी शतकानुशतके रचलेल्या भिंती आहेत, त्यांत चुना किंवा सिमेंट नसते. दगड दगडावर बसवलेला असतो आणि पाणी फटींतून झिरपून खाली जाते. उतारावर भिंत बांधायची तर पाण्याला वाट ठेवायची, हे ज्ञान आपल्या कोकणातल्या गडग्यांतही आहे. दिंडोशीत माणसे उतारावर आली, पण तिथे राहायचे कसे याचे जुने ज्ञान शहराच्या बांधकामात उतरले नाही. या दुर्घटनेची नोंद केवळ आपत्ती म्हणून न होता या मौज्याच्या भूगोलाचा भाग म्हणून व्हावी, असे मला मनापासून वाटते. ज्या कुटुंबांना पुनर्वसनाच्या यादीत वाट पाहावी लागली, त्यांच्या कागदांचा प्रवासही इतिहासात यावा.

सध्या या उतारावर आणखी एक मोठे काम चालू आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी चित्रनगरीच्या बाजूने डोंगराखालून ४.७ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे जाणार आहेत. जुलै २०२४ मध्ये त्यांचे भूमिपूजन झाले. दिंडोशी न्यायालयापासून चित्रनगरीपर्यंतचा उड्डाणपूलही याच प्रकल्पाचा भाग आहे, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाची रुंदी बदलते आहे. आजवर डोंगर ही गावाची पूर्वेची सीमा होती. बोगदा झाला की ती मुलुंडकडे उघडेल. रहदारीच्या सोयीबद्दल मला शंका नाही. पण बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या पाड्यांचे आणि वस्त्यांचे स्थलांतर कसे झाले, कोणाला कुठे घर मिळाले, कोणती झाडे आणि कोणते ओढे गेले, याची नोंद काम चालू असतानाच ठेवली पाहिजे. वीस वर्षांनी ती शोधू गेलो तर केवळ निविदांचे आकडे हाती लागतील.

म्हणून शेवटी दिंडोशीच्या रहिवाशांना एक विनंती. पुस्तकाचे बरेचसे काम सरकारी दप्तरांवर, न्यायनिवाड्यांवर आणि जुन्या गॅझेटियरांवर उभे आहे, आणि दप्तरात बहुतेक मालकाचाच आवाज असतो. ज्यांच्या घरी जुने सातबारे, भाडेपावत्या, दुधाचे किंवा गवताचे हिशोब, संस्थेच्या पहिल्या सभांची इतिवृत्ते, मोर्च्यांची छायाचित्रे किंवा झोपडीच्या सर्वेक्षणाच्या पावत्या असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून गोरेगाव-मालाडच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवायला द्याव्यात. पाड्यांवरच्या आणि गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना ओढ्यांची, विहिरींची, वाटांची जुनी नावे ठाऊक आहेत. ती त्यांच्याकडून ऐकून, जागेवर जाऊन, नकाशावर लिहून घ्यावीत. पावसाळा संपला की हे काम सुरू करता येईल.